डबेवाल्या आपा

आमच्या गावात एक काळ असा होता की, आपा डबा घेऊन गल्लीत शिरल्या की बायका दारं लोटून घेत. आपांशी कुणाचं वैर होतं अशातला भाग नाही. उलट अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं घराघरांत शिरलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. पण चार पुडांचा तो स्टीलचा डबा त्यांच्या हातात दिसला की समजायचं, कुठंतरी माणूस गेलंय. आपा आपल्या दारावरून पुढं गेल्या की बायकांचा जीव भांड्यात पडे, आणि मग त्याच बायका पदर सावरत त्यांच्यामागून निघत, कोण गेलं ते बघायला.

आपा बातमीदार होत्या. लातूरच्या एका दैनिकाच्या तालुका प्रतिनिधी. मी सकाळी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि दुपारनंतर त्यांच्या हाताखाली बातम्या लिहायचो. आमच्याकडे तालुक्याचा वार्ताहर बातमीशिवाय आणखी काहीतरी असतोच. कुणी विमा एजंट, कुणी खताचा दुकानदार, कुणी माझ्यासारखा मास्तर. आपा तेवढ्या निव्वळ बातमीदार होत्या. वडलांचं बस स्टँडसमोर बांगड्यांचं दुकान होतं आणि पहाटेच्या एसटीनं आलेले पेपरचे गठ्ठे त्याच दुकानाच्या फळीवर पडत. लहानपणी ते गठ्ठे सोडता सोडता वाचायची चटक लागली, ती आयुष्यभर सुटली नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि आमची विचारायची छाती झाली नाही. भावाच्या घरीच, दुकानाच्या मागच्या खोलीत राहायच्या. मला म्हणायच्या, "मास्तर, तुमचं शुद्धलेखन एकदम बढिया. पण बातमीत माणूस कुठाय?"

डब्याची गोष्ट अशी. मयताच्या घरी चूल पेटत नाही. हिंदूंकडं काय आणि मुसलमानांकडं काय, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. अपघात असो, वीज पडलेली असो, बातमीसाठी अशा घरी जावं लागे, आणि आमचे बाकीचे वार्ताहर दारातूनच नाव, वय, गाव विचारून मोबाईलमध्ये फोटो काढून परत फिरत. आपा डबा घेऊन जात. बायकांत जाऊन बसत. ताटं मागवून घेत. "आधी खा, मग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या घरातला प्रत्येक माणूस घास खाईपर्यंत आपांचं पेन पर्समधून बाहेर येत नसे. ज्या घरी मुसलमानाच्या हातचं चालत नाही असं त्यांना ठाऊक असे, तिथं त्या डब्यात नुसतं ज्वारीचं पीठ नेत आणि शेजारणीकडून भाकरी थापून घेत. मला याचा राग यायचा. एकदा बोललो तसं. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्यांच्या घरात आज मयत हाय. आज त्यांना सुधरवायचं का खाऊ घालायचं?"  

वाईट एवढंच की, डबा ज्या घरांत जाई त्यांतली बरीचशी घरं बाळंतिणींची असत.

आमच्या गावाला एका अंगाला लातूर आणि दुसऱ्या अंगाला नांदेड. दोन्ही लांब. गावात सरकारी दवाखाना मोठा, इमारत नवी, ऑपरेशनची खोली हिरव्या फरशीची. ऑपरेशन करणारे डॉक्टरही होते, आणि माणूस बरा होता. नव्हता तो फक्त भूल देणारा डॉक्टर. ती जागा वर्षानुवर्षं रिकामी. भूल देणारा नाही म्हणून पोट उघडता येत नाही, म्हणून अडलेली बाई आली की कागदावर 'रेफर' लिहायचं आणि अॅम्ब्युलन्सनं पुढं धाडायची. गावाबाहेर फाटा आहे. तिथं गाडीचा वेग कमी करून ड्रायव्हर मागं वळून विचारी, "लातूर का नांदेड?" बाईच्या आईला किंवा नवऱ्याला, ज्यांनी आयुष्यात दोन्ही गावांतले दवाखाने बघितलेले नाहीत, त्यांना ते तिथल्या तिथं ठरवावं लागे. काही बाया पोचत. काही पोचत नसत.

आपांनी ही बातमी किती वेळा लिहिली असेल याचा हिशोब नाही. लातूरहून ती छापून यायची ती आतल्या पानावर, कुणातरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या रंगीत शुभेच्छांखाली. आपा अंक हातात घेऊन बघत राहायच्या. मग घडी करून बाजूला ठेवायच्या आणि चहा सांगायच्या.

त्यांची पत्रकार परिषदेतली तऱ्हा तर सगळ्या जिल्ह्याला पाठ होती. कुणीही पुढारी येवो, कशासाठीही येवो, आपा शेवटी उठून एकच प्रश्न विचारीत : "साहेब, आमच्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर कधी येणार?" साखर कारखान्याचा गळीत हंगाम असो, कुस्त्यांचा फड असो, कविसंमेलन असो. एकदा उदगीरला एक टीव्हीवरची नटी दागिन्यांच्या दुकानाचं उद्घाटन करायला आली होती. आपांनी तिलाही विचारलं. बिचारी हसली आणि "लवकरच!" म्हणाली. आम्ही सगळे खो खो हसलो. परतीच्या एसटीत आपा म्हणाल्या, "हसू नका मास्तर. आतापर्यंतच्या सगळ्यांत प्रामाणिक तीच. तिला खरंच ठाऊक नव्हतं." इतर वार्ताहर त्यांना टाळू लागले. पत्रकार दिनाच्या सत्काराच्या फोटोत त्यांना कडेला उभं करायचे, म्हणजे पाहुण्यांच्या जवळ जाऊन त्या काही विचारणार नाहीत.

सगळं बदललं ते सोजरबाईंच्या दारात. निलंग्याच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथल्या या सोजरबाई. थोडी जमीन, दोन मुलगे, नवरा मागंच वारलेला. थोरल्याची बायको पहिलटकरीण. ती दवाखान्यातून रेफर झाली आणि लातूरच्या अलीकडं, रस्त्यातच गेली. मूलही गेलं. आपा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेल्या, मी सोबत होतो. ओसरीवर बायका बसलेल्या. आपांनी नेहमीसारखी ताटं मागितली. कुणी उठलं नाही. सोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग आपांकडं.

"तुमचा डबा घेऊन जावा, आपा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. "तुमी मेल्यावर येताव. मरायच्या आदी या की कदी."

आपांनी डबा उचलला, चपला घातल्या, बाहेर आल्या. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट आम्ही चालत आलो. एसटीची वाट बघत झाडाखाली उभ्या असताना त्या म्हणाल्या, "खरं बोलली ती." त्या दिवसाची बातमी त्यांनी लिहिली नाही. आठवड्याभरात दैनिकाला राजीनामा पाठवला आणि विधानसभेच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं जाहीर केलं.

गाव हसलं. हसणारच. पानाच्या टपरीवर मी कानांनी ऐकलं : "आमदारकी लढवायल्यात, आन मागतात काय, तर एक डॉक्टर!" आपांचा जाहीरनामा खरोखरच एका ओळीचा होता. मी मास्तरकी करून त्यात रस्ते, पाणी, शिक्षण घालून दिलं, तर त्यांनी तेवढं सगळं खोडून कागद परत दिला. "रस्ते सगळेच मागतात. मी एवढंच मागते, म्हणजे नाकारायला कुणाला तोंड राहणार नाही." भाईजाननं, म्हणजे त्यांच्या भावानं, दुकानातला माल आणायची रिक्षा दिली. तिच्यावर भोंगा बांधला. आपा पुढं बसायच्या आणि मी मागं पत्रकं सांभाळत. वयाच्या त्या टप्प्यावर मी कुणाचा तरी प्रचार करीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि मग चिन्हाची वेळ आली. अपक्षांसाठी जी चिन्हं मोकळी होती त्यांत शिट्टी होती, कपबशी होती, शिलाई मशीन होतं, आणि जेवणाचा डबा होता. तो बघितल्यावर आम्ही सगळे टाळ्या पिटायच्या बेतात आलो. अख्खा तालुका ज्यांना डबेवाल्या आपा म्हणून ओळखतो त्यांना डबा! वेगळा प्रचार करायची गरजच नाही. आपांचा चेहरासुद्धा उजळला होता. डबा मिळाला. भाईजाननं पेढे वाटले. इतक्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की, तो डबा लोकांनी कुठं बघितलेला आहे.

पहिल्याच वस्तीत कळलं. आपा उतरल्या की बायका गोळा होत, हात धरून आत नेत, चहा पाजत, "आमचं मत तुमालाच" म्हणत. पण मी पत्रक काढून दाराला चिकटवायला लागलो की हात पुढं यायचा. "नका सर. दाराला नका." एका घरी लग्न तोंडावर होतं. त्या बाईनं पत्रक हातात न घेता जमिनीवर ठेवायला सांगितलं आणि मी निघाल्यावर त्यावर पाणी शिंपडलं, हे मी वळून बघितलं. सोजरबाईंच्या वाडीला गेलो तेव्हा धाकट्या मुलाचं लग्न होऊन घरात नवी सून आलेली होती. सोजरबाईंनी आपांना पाटावर बसवलं, गूळ-पाणी दिलं. मग हात जोडून म्हणाल्या, "आपा, तुमी या. रोज या. पर ते चितर माज्या उंबऱ्यावर नगं. नवी सून हाय घरात."

आपा म्हणाल्या, "हौ. बरोबर हाय." आणि माझ्या हातातलं पत्रक घेऊन आपल्याच पर्समध्ये घातलं.

मला त्या दिवसांत त्यांची फार कीव आली, आणि कीव आली याची लाजही वाटली. ज्या माउलीनं लोकांच्या सर्वांत वाईट दिवशी त्यांना घास भरवला, तिलाच लोक चांगल्या दिवशी दारात घेईनात. आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. निकालाच्या दिवशी अनामत गेली. आपल्याच गल्लीत, आपल्याच मोहल्ल्यातसुद्धा आपांना मतं पडली नाहीत. नंतर कितीतरी बायका घरी येऊन त्यांच्यापुढं रडल्या. एकजण म्हणाली, "लई ठरवून गेले व्हते, आपा. पर डब्याच्या चितरावर बोट ठेवायला हात होईना." आपांनी तिला जवळ घेतलं, चहा दिला. ती गेल्यावर डबा उचलून माळ्यावर टाकला. त्यानंतर मी तो त्यांच्या हातात बघितला नाही.

मला वाटलं, संपलं. आता या पुन्हा पेपरात येतील किंवा दुकानात बसतील. त्या दुकानात बसल्या, पण त्यांचा इरादा निराळाच होता. त्यांची आई हयातभर घरोघर फिरून बांगड्या भरायची. लग्नाचा चुडा, सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या, सगळं तिच्याच हातचं. आईची बांगड्यांची कापडी पिशवी आपांनी बाहेर काढली. उतारवयात हात वळत नव्हता, भाभींकडून, म्हणजे भावजयीकडून, बांगडी न फोडता चढवायला शिकून घेतलं. आणि ज्या ज्या घरी सून गरोदर आहे असं कळेल, त्या घरी हिरव्या बांगड्या घेऊन जाऊ लागल्या. बांगड्यांना कोण नाही म्हणतो? दारं उघडली. पोरीचा हात हातात धरून, एकेक बांगडी चढवता चढवता, आपा तिला आणि तिच्या सासूला सगळं सांगायच्या. अंगात रक्त किती हवं, कधी थांबायचं नाही, आपल्या दवाखान्यात काय नाही आणि का नाही. शेवटी सासूकडं बघून म्हणायच्या, "गुरुवारी बाजाराला येता ना? मग दवाखान्याच्या फाटकापाशी या. थोडा वेळ बसू."

गुरुवारच्या बाजाराला आलेल्या बायका फाटकापाशी बसू लागल्या. घोषणा नाही, भोंगा नाही, पिशव्या मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या. पोटुशा पोरी हिरवे चुडे घालून पुढं. आपा मला म्हणाल्या, "मास्तर, आता बघा बातमीत माणूस हाय का." लातूरचे पेपर आले, नांदेडचे आले, एक चॅनलवाला आला. जिंकून आलेल्या साहेबांना रस्त्यानं जाताना गाडीची काच खाली करावी लागली. आणि खरंच एके दिवशी नांदेडहून एक तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाली. भूल देणारी. आपांनी तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. ती म्हणाली, "ऑपरेशनमध्ये चालत नाहीत हो." आपा म्हणाल्या, "मग बाहेर काढून ठेव. पण जाऊ नको."

साधारण वर्षभर ती होती. त्या वर्षात हिरव्या फरशीच्या खोलीत दिवा लागला. सोजरबाईंच्या धाकट्या सुनेचं पोट त्याच खोलीत उघडलं आणि मुलगी झाली. आपा लांबूनच बघून आल्या. आत गेल्या नाहीत. "बाळंतिणीच्या खोलीत मी नको, लोकांना आठवण होते," असं म्हणाल्या.  निघताना सोजरबाईंना एवढंच म्हणाल्या, "नातीला घेऊन एकदा घरी ये."

मग त्या डॉक्टरीणबाईला दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं. तिनं मागितलं नव्हतं, वरून कागद आला. जागा पुन्हा रिकामी. आजही रिकामीच आहे. आपांनी पुन्हा पिशवी उचलली, पण या वेळी पायऱ्या चढताना दम लागायचा. पोटात दुखतं म्हणायच्या, आणि सोडा पिऊन गप्प बसायच्या.

एका गुरुवारी फाटकापाशी बसलेल्या असतानाच त्या वाकल्या. बायकांनी उचलून आत नेलं. मी पोचलो तेव्हा ऑपरेशनवाले डॉक्टर त्यांच्या खाटेशी उभे होते. आत कुठंतरी आतडं फुटलं होतं, लगेच पोट उघडायला हवं होतं. डॉक्टरांचे डोळे वर होत नव्हते. ते म्हणाले, "आपा... रेफर करावं लागंल."

आपांनी वेदनेतूनही त्यांच्याकडं बघितलं. "लिहा," म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही. लिहा."

अॅम्ब्युलन्समध्ये मी आणि भाभी. भर दुपार. फाट्यावर गाडी हळू झाली आणि ड्रायव्हर सवयीनं मागं वळला : "लातूर का नांदेड?"

 इतकी वर्षं हा प्रश्न मी बातमीत लिहिला होता, त्याचं उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली नव्हती. आपांनीच माझा हात दाबला. "लातूर म्हणा," त्या पुटपुटल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हाच सवाल मिटवायचा होता, मास्तर." लातूर यायच्या आधी, डाळ मिलांच्या शेडा दिसायला लागल्या तेव्हा, भाभींनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानातून आम्ही घरी आलो. दुकानाच्या मागच्या खोलीत बायका बसल्या होत्या. चूल अर्थातच पेटलेली नव्हती. आणि डबे आले होते. गल्लीतून, वाड्यांवरून, बाजाराच्या गावांवरून, पितळी, स्टीलचे, प्लास्टिकचे. उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत डबेच डबे. ज्या दारांना आमचं पत्रक चाललं नव्हतं त्या दारांतून ते आले होते. कुणी हात लावत नव्हतं. सगळे नुसते बघत बसले होते.

दुपार कलल्यावर सोजरबाई आल्या. एका हातात फडक्यात बांधलेला डबा, कडेवर नात. वाडीपासून सडकेपर्यंत चालत, मग एसटीनं आलेल्या. दारात क्षणभर थांबल्या, मग भाभींसमोर बसून डबा खाली ठेवला.

"पिठलं-भाकर हाय. खाऊन घ्या आदी."

भाभींनी मान हलवली. नको.

सोजरबाईंनी नातीला खाली सोडलं आणि डब्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना.  "मला म्हनल्या व्हत्या, नातीला घेऊन एकदा घरी ये," त्या म्हणाल्या. "आज येते, उद्या येते म्हनत राहिले. बगा, मी बी मेल्यावरच आले."

गाठ मी सोडून दिली. सोजरबाईंनी भाकरी मोडली, पिठलं घातलं, आणि पहिला घास भाभींच्या तोंडाशी नेला. भाभींनी तोंड उघडलं. मग आम्ही सगळेच जेवलो.